ग्लँड टपकली पाहिजे

'प्रॉपेलर' हा शब्द माझ्या कानावर पहिल्यांदा पडला तो ट्रकखालून. पाथर्डीतून कल्याण-विशाखापट्टणम महामार्ग जातो. त्याच्या एका टोकाला खाडी आहे, दुसऱ्या टोकाला बंदर आहे आणि मधे आमचा तालुका आहे, जिथे उन्हाळ्यात पिण्याचं पाणी टँकरने येतं. या रस्त्याच्या कडेला गॅरेजं आहेत. ट्रकच्या पोटाखालून दोन पाय बाहेर आलेले असतात आणि आतून आवाज येतो, "क्रॉस गेलाय. प्रॉपेलर काढावा लागंल."

हा प्रॉपेलर म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या एक्सलपर्यंत जाणारा लांब, पोकळ दांडा. त्याला पाती नसतात. तो काहीच ढकलत नाही, नुसता फिरतो आणि इंजिनाची ताकद चाकांकडे पोचवतो. मग त्याला 'ढकलणारा' असं नाव कशाला? चार वर्षांच्या इंजिनियरिंगमध्ये हे कुणी सांगितलं नाही. पुढे नोकरी सॉफ्टवेअरची लागली, मुंबईत आलो, मासेमारीच्या बोटी जवळून पाहिल्या, तेव्हा उलगडा झाला. शब्द जहाजाचा आहे. इंजिनापासून पाण्यातल्या पंख्यापर्यंत जाणारा दांडा तो प्रॉपेलर शाफ्ट. आमच्या महामार्गावरचे ट्रक हे नाव पोटाखाली बांधून रोज समुद्राकडून समुद्राकडे जात असतात.

तेव्हापासून मी या दांड्याच्या मागे लागलो. वाचत गेलो तसं लक्षात आलं की बोटीचा शाफ्ट आणि त्याचं कपलिंग दुरुस्त करण्याचा इतिहास हा निम्मा आपल्याकडच्या शेतातला इतिहास आहे. कसा, ते सांगतो.

पाण्याखालचं भोक

जहाज बांधणाऱ्याची सगळी अक्कल पाणी बाहेर ठेवण्यात खर्च होते. फळीला फळी भिडवायची, फटीत कापूस ठासायचा, वरून डांबर-राळ लावायची. पंखा बसवायचा म्हटलं, की त्याच जहाजाला पाण्याच्या पातळीखाली मुद्दाम भोक पाडावं लागतं. त्या भोकातून दांडा बाहेर काढायचा, तो मिनिटाला शेकडो वेळा फिरू द्यायचा आणि तरीही पाणी आत येऊ द्यायचं नाही. शाफ्टच्या साऱ्या कटकटी या एका विरोधातून जन्माला येतात.

सुरुवातीच्या आगबोटींना ही कटकट नव्हती. त्यांच्या दोन्ही कुशींना पाणचक्कीसारखी मोठी चाकं असायची आणि चाकांचा दांडा पाण्याच्या वर असायचा. मुंबईच्या गोदीत बांधलेली 'ह्यू लिंडसे' ही आगबोट मार्च १८३० मध्ये मुंबईहून सुएझकडे निघाली, ती अशीच चाकांची. कोळसा इतका लागायचा, की जागा मिळेल तिथे कोळसा भरून ती निघाली होती. चाकांचा खरा त्रास वेगळाच होता. समुद्र खवळला, की एक चाक हवेत आणि दुसरं खोल पाण्यात. लढाईच्या जहाजावर तर चाक म्हणजे शत्रूला दाखवलेलं निशाण.

पंख्याचं इंग्लंडमधलं पेटंट १८३६ सालचं. त्या वर्षी सहा आठवड्यांच्या अंतराने दोघांनी ते मिळवलं. एक जॉन एरिक्सन, स्वीडनचा कसलेला इंजिनियर. दुसरा फ्रान्सिस पेटिट स्मिथ. आणि हा स्मिथ होता शेतकरी. गुरं-मेंढ्या पाळणारा, लहानपणापासून खेळण्यातल्या बोटी करण्याचा नाद असलेला.

स्मिथने पहिला पंखा लाकडाचा केला. त्याचा आकार स्क्रूसारखा, दोन पूर्ण वेढ्यांचा. १८३७ मध्ये लंडनच्या पॅडिंग्टन कालव्यात चाचणी चालली असताना तो कशावर तरी आदळला आणि अर्धा तुटून पडला. बोट थांबायला हवी होती. ती उलट जोरात पळाली. दोन वेढ्यांपेक्षा एक वेढा बरा, हे शास्त्रज्ञांच्या हिशोबातून नाही, मोडतोडीतून कळलं. आज आपण पाहतो ती तोकडी, रुंद पाती त्याच वाटेने आली.

पुढे स्मिथची 'आर्किमिडीज' ही पंख्याची बोट आली. ती पाहून ब्रुनेल या नामांकित इंजिनियरने आपल्या 'ग्रेट ब्रिटन' या लोखंडी जहाजाचा आराखडा बदलला आणि चाकांऐवजी पंखा घेतला. एप्रिल १८४५ मध्ये ब्रिटिश आरमाराने पंख्याची 'रॅटलर' आणि चाकांची 'अलेक्टो' या दोन जहाजांना शेपटीला शेपटी बांधून रस्सीखेच लावली. रॅटलरने अलेक्टोला अडीच नॉटच्या वेगाने मागे ओढत नेलं. यात्रेतली कुस्ती निकाली व्हावी तसा वाद निकाली निघाला. आता जगभरच्या गोद्यांना जहाजांना भोकं पाडावी लागणार होती.

सहाशे रुपये पगाराचा चीफ इंजिनियर

त्या काळात मुंबईच्या गोदीत काय चाललं होतं? तिथे वाडिया घराणं होतं. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईला आले आणि पुढची शंभरहून जास्त वर्षं त्यांच्या घराण्याने सागवानी जहाजं बांधली. १८१७ मध्ये मुंबईत बांधलेलं 'ट्रिंकोमाली' हे जहाज आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगत उभं आहे. इतकं टिकाऊ लाकूड आणि इतका पक्का हात.

या घराण्यातले अर्देशीर खरसेटजी वाडिया यांचा जन्म १८०८ चा. त्यांचं मन लाकडापेक्षा वाफेत रमलं. १८३३ मध्ये, पंचविशीत, त्यांनी 'इंडस' नावाच्या छोट्या जहाजावर वाफेचं इंजिन बसवलं. १८३४ मध्ये माझगावचा स्वतःचा बंगला गॅसच्या दिव्यांनी उजळून दाखवला. पुढे इंग्लंडला जाऊन आगबोटींची यंत्रं शिकून आले. २७ मे १८४१ रोजी लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना फेलो निवडलं. हा मान मिळालेले ते पहिले भारतीय. दुसरे होते श्रीनिवास रामानुजन, आणि ते साल १९१८. मधे ७७ वर्षं गेली. रामानुजन आपल्याला पाठ असतात. अर्देशीर आपल्या क्रमिक पुस्तकांत फारसे भेटत नाहीत. १९६९ मध्ये टपाल खात्याने त्यांच्यावर एक तिकीट काढलं होतं, इतकंच.

१८४१ मध्ये ते मुंबईच्या स्टीम फॅक्टरीचे चीफ इंजिनियर झाले. आगबोटींच्या इंजिनांची दुरुस्ती करणारा हा सरकारी कारखाना. पगार महिना ६०० रुपये. हाताखाली चार युरोपियन फोरमन, शंभर युरोपियन इंजिनियर आणि बॉयलर बनवणारे, आणि सुमारे २०० देशी कारागीर. कंपनी सरकारच्या राज्यात गोऱ्या कामगारांवर देशी माणूस साहेब म्हणून बसला होता. मुंबईच्या एका इंग्रजी वर्तमानपत्राने लगेच शंका काढली, की माणूस कितीही हुशार असो, इंग्रज कामगारांवर हुकमत ठेवणं देशी माणसाला कसं जमणार? अर्देशीर १८५७ पर्यंत त्या खुर्चीत होते. शंकेचं उत्तर सोळा वर्षं लांबीचं होतं.

मला मात्र त्या यादीतल्या शेवटच्या आकड्यापाशी थांबावंसं वाटतं. सुमारे २०० देशी कारागीर. पिढ्यान् पिढ्या नांगराचा फाळ, बैलगाडीची धाव, तांब्या-पितळेची भांडी घडवणाऱ्या हातांसारखेच हे हात. त्यांच्यापुढे एक दिवस वाफेचं इंजिन येऊन पडलं आणि ते उघडून, घासून, पुन्हा जोडायला ते शिकले. नोंदीत ते 'सुमारे २००' एवढेच येतात. चीफ इंजिनियरचा पगार इतिहासाला माहीत आहे. दांडा सरळ आहे की नाही हे एक डोळा मिटून पाहणारा माणूस कोण, हे माहीत नाही.

याच मुंबई गोदीत १८४८ मध्ये 'मियानी' नावाचं ८० तोफांचं सागवानी शिडाचं जहाज पाण्यात उतरलं. काळ इतका झपाट्याने बदलत होता, की १८५७ मध्ये त्याच जहाजात इंजिन आणि पंखा बसवावा लागला. मुंबईत मिस्त्रींनी पाणी आत येऊ नये म्हणून जीव ओतून जे लाकूड सांधलं होतं, त्यातूनच दांडा आरपार काढला गेला.

पितळ हरलं, लाकूड जिंकलं

भोक पाडलं. आता दांड्याला टेकू हवा. लोखंडी दांडा पितळी बेअरिंगमध्ये फिरवायचा, हा सरळ विचार. तो समुद्रात साफ फसला. खारं पाणी, वाळू आणि दांड्याचं वजन यांनी पितळ काही दिवसांत झिजायचं. बेअरिंग झिजलं, की दांडा खाली बसायचा, हेलकावायचा आणि भोक मोठं व्हायचं.

डिसेंबर १८५५ मध्ये 'रॉयल अल्बर्ट' हे शंभरावर तोफांचं ब्रिटिश युद्धनौकांचं भूषण क्रिमियाच्या युद्धावरून माल्टाकडे परतत होतं. ग्रीसच्या समुद्रात, दांडा जिथून बाहेर पडतो तिथून पाणी आत घुसलं. पंपांना ते आवरेना. शेवटी जवळच्या केआ बेटाच्या किनाऱ्यावर जहाज मुद्दाम चढवावं लागलं, म्हणून ते वाचलं. रशियन तोफांनी जे केलं नाही ते एका बेअरिंगजवळच्या फटीने जवळपास करून दाखवलं.

उपाय आधीच सापडला होता, पसरायला वेळ लागत होता. लंडनचा इंजिनवाला जॉन पेन याने १८५४ मध्ये लाकडी बेअरिंगचं पेटंट घेतलं. कॅरिबियन भागात उगवणारं लिग्नम व्हायटी नावाचं लाकूड. इतकं जड, की पाण्यात टाकलं तर बुडतं. त्यात नैसर्गिक राळ असते. पितळी नळीत या लाकडाच्या पट्ट्या बसवायच्या, पट्ट्यांमध्ये खाचा ठेवायच्या आणि खाचांमधून समुद्राचं पाणी खेळू द्यायचं. लाकडाची राळ आणि बाहेरचं पाणी, दोन्ही मिळून वंगण. झीज जवळपास थांबली. पुढे शंभर वर्षं जगातली मोठमोठी जहाजं या लाकडावर फिरली.

इथे विचार उलटा झाला, तो लक्षात घ्यायला हवा. इतके दिवस पाणी हा शत्रू होता, त्याला अडवायचं होतं. पेनने त्याला कामाला लावलं. थोडं पाणी येऊ द्या, तेच तुमचा दांडा वाचवेल.

नानांची पट्टी

हे वाचताना मला आमच्या नानांची आठवण झाली. नाना माझे चुलते. विहिरीवरच्या पंपांची कामं करायचे. एका लोखंडी बैठकीवर डिझेल इंजिन आणि पंप समोरासमोर, मधे कपलिंग. पंपाच्या दांड्याभोवती पाणी अडवायला सुताची, चरबी लावलेली दोरी गुंडाळून दाबलेली असते. तिला ग्लँड डोरी म्हणतात. नवा शेतकरी पाणी टपकताना पाहून ग्लँडचे नट आवळायला जायचा. नाना ओरडायचे, "आरं, टपकू दे! ग्लँड टपकली पाहिजे. कोरडी ग्लँड म्हंजी जळलेली ग्लँड."

बोटीवर हीच रचना असते. दांडा आत येतो तिथे एक डबी, तिच्यात ग्लँड डोरी, वरून दाबणारा नट. बोट चालू असताना त्यातून थेंब थेंब पाणी यायलाच हवं. नट जास्त आवळला तर डोरी तापते, कडक होते आणि दांड्यावर चाकोरी पाडते. मग कितीही आवळा, पाणी थांबत नाही. धार लागली तर मात्र धोका. थेंब आणि धार यांमधला फरक ओळखणं, हेच सगळं शिक्षण.

आता कपलिंग. इंजिनाच्या दांड्याच्या टोकाला एक चकती, शाफ्टच्या टोकाला दुसरी, दोन्ही बोल्टने जखडलेल्या. या चकत्या दोन प्रकारे चुकू शकतात. एक वर आणि एक खाली असेल, किंवा दोघींची तोंडं एकमेकींना तिरपी असतील. नाना पहिल्यासाठी दोन्ही चकत्यांवर हॅक्सॉचं पान आडवं ठेवायचे आणि खालून उजेड दिसतो का ते बघायचे. दुसऱ्यासाठी चारी बाजूंनी फटीत पात घालून बघायचे. फट एका बाजूला जास्त असली, की इंजिनाच्या पायाखाली पातळ पत्रा सरकवायचा. पुन्हा मोजायचं. पुन्हा पत्रा.

बोटीच्या इंजिनवाल्यांचा जगभरचा ठोकताळा असा आहे, की चकतीच्या व्यासाच्या दर इंचामागे फटीतला फरक एक हजारांश इंचापेक्षा जास्त नसावा. म्हणजे चार इंची चकतीला चार हजारांश इंच. साधारण कागदाच्या एका पानाएवढा. त्यापुढे गेलं, की बोट थरथरते, इंजिनाचे पाय सैल होतात, ग्लँड गळते, कपलिंगचे बोल्ट तुटतात. मालक म्हणतो ग्लँड खराब, ग्लँड बदलतात. पुन्हा गळते. दुखणं कपलिंगमध्ये आणि औषध ग्लँडला.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात एका मित्रासोबत मी उरणजवळच्या करंजाला गेलो होतो. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्या दिवसांत बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि मेस्त्रींना श्वास घ्यायला सवड नसते. एक वयस्कर मेस्त्री कपलिंगच्या फटीत पात घालून बघत होते. मी विचारलं, "काका, चारी बाजूला सारखी आली का?"

त्यांनी मान वर करून विचारलं, "तू कुठला?"

"पाथर्डी. नगर जिल्हा."

"तिथं कुठली बोट?"

"बोट नाही. विहिरीवरचा पंप."

ते हसले. "मग तुला अर्धं येतं. अर्धं ऐक. पंपाची बैठक सिमेंटात असते, हलत नाही. बोट सुकीवर वेगळी, पाण्यात वेगळी. आता लावतोय ती लाईन कच्ची. बोट पाण्यात उतरली, एक-दोन दिवस लाकूड बसलं, की पुन्हा सोडायचं आणि पुन्हा मोजायचं."

लाकडी बोटीचं अंग पाण्यात गेल्यावर बदलतं. किनाऱ्यावर ती दोन-चार ठोकळ्यांवर टेकलेली असते, पाण्यात तिला सगळीकडून आधार मिळतो. जमिनीवर तंतोतंत जुळलेला दांडा पाण्यात तिरपा होतो. मी ज्या क्षेत्रात आहे तिथे याला रोजचा शब्द आहे: माझ्या मशीनवर तर चालत होतं!

मग काकांनी मला सगळ्यात भीतीची गोष्ट सांगितली. पुढे जाताना पंखा दांड्याला इंजिनाकडे ढकलतो, म्हणून कपलिंग सैल असलं तरी कळत नाही. रिव्हर्स टाकला, की पंखा दांड्याला बाहेर ओढतो. कपलिंगमधली चावी आणि स्क्रू सुटलेले असतील तर दांडा कपलिंगमधून निसटून मागे जातो. नशीब असेल तर पंखा सुकाणूला अडकून थांबतो. नसेल तर दांडा पूर्ण बाहेर, आणि बोटीच्या तळाला मनगटाएवढं भोक. "धक्क्याला लागताना रिव्हर्स टाकतात," ते म्हणाले, "म्हणून बरेचदा हे किनाऱ्याजवळ होतं. देवाची कृपा."

खोल समुद्रात झालं तर? मोठ्या जहाजांच्या इतिहासातला गाजलेला किस्सा 'अंब्रिया'चा आहे. डिसेंबर १८९२ मध्ये कुनार्ड कंपनीचं हे प्रवासी जहाज न्यूयॉर्ककडे जात असताना भर अटलांटिकमध्ये त्याचा दांडा तडकला. चीफ इंजिनियर टॉमलिन्सन आणि त्यांच्या माणसांनी डुलणाऱ्या जहाजाच्या पोटात दांड्यात भोकं पाडून बोल्ट घातले, पट्ट्यांनी तो आवळला आणि जहाज हळूहळू चालवत वर्षाच्या शेवटच्या दिवशी न्यूयॉर्कला पोचवलं. तडकलेल्या दांड्याची दहशत त्या काळी इतकी होती, की मुंबईत जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंगने त्यावर 'ब्रेड अपॉन द वॉटर्स' ही आख्खी कथा बेतली.

करंजाच्या बोटीवर टॉमलिन्सन नसतो. एक तांडेल, काही खलाशी, पान्यांचा एक डबा आणि दुसऱ्या बोटीने ओढून न्यावं म्हणून केलेला वायरलेसचा पुकारा असतो.

होडीला पंखा लागला

कोळ्यांच्या होड्यांना इंजिन लागलं ते मुख्यतः स्वातंत्र्यानंतर. १९५० च्या दशकात संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेचे नौकातज्ज्ञ भारताच्या किनाऱ्यांवर फिरले. ठिकठिकाणच्या होड्यांत इंजिन कसं बसवता येईल, हा त्यांच्यापुढचा प्रश्न. मद्रासकडचं कट्टुमरम म्हणजे ओंडके बांधून केलेला तराफा. त्याला भोक पाडणार कुठे? तिकडे नव्या बोटी घडवाव्या लागल्या. आपल्या किनाऱ्यावर मात्र सातपाटी आणि वर्सोव्याच्या होड्यांची घडणच अशी होती, की शिडाच्या जुन्या होडीत इंजिन बसू शकत होतं.

म्हणजे 'मियानी'च्या बाबतीत १८५७ मध्ये जे झालं, तेच शंभर वर्षांनी कोळीवाड्यात झालं. ज्या सुताराने बापाकडून होडी बांधायला शिकून घेतलं, त्याने तिच्या मागच्या बाजूला गिरमिट लावलं. ज्याने आयुष्यभर वाऱ्याचा अंदाज घेतला, तो ग्लँडचे थेंब मोजायला शिकला. पंख्यात जाळं अडकलं तर सुरी घेऊन पाण्याखाली उतरायला शिकला. अशोक लेलँडसारख्या ट्रक बनवणाऱ्या कंपनीची इंजिनंही आता मासेमारी बोटींवर चालतात. ट्रकने जहाजाकडून प्रॉपेलरचं नाव घेतलं होतं, त्याची अशी परतफेड झाली.

जहाज नेमकं कोण ढकलतं?

एक प्रश्न राहिला. पंखा पाणी मागे लोटतो, म्हणून दांड्यावर पुढे ढकलणारा जोर येतो. हा जोर दांड्यावरून जहाजाच्या अंगात कुठेतरी उतरायला हवा. नाहीतर दांडा इंजिनातच घुसेल. तो जोर जिथे झेलला जातो त्याला थ्रस्ट बेअरिंग म्हणतात. हजारो टनांचं जहाज खरं तर या एका बेअरिंगला खांदा लावून पुढे जात असतं.

जुनी थ्रस्ट बेअरिंगं म्हणजे दांड्यावर बांगड्यांसारख्या ओळीने कड्या आणि प्रत्येक कडीपुढे एक अडसर. जहाजं मोठी झाली तशी ही बेअरिंगं तापून जळायला लागली. उत्तर शोधलं ऑस्ट्रेलियातल्या ए. जी. एम. मिचेल या इंजिनियरने, १९०५ मध्ये. त्याने अखंड अडसराऐवजी छोटे छोटे तुकडे बसवले, किंचित कलू शकणारे. दांडा फिरला, की प्रत्येक तुकडा आपोआप थोडा तिरपा होतो, तेल पाचरीसारखं त्याच्याखाली शिरतं आणि धातूला धातू लागतच नाही. अमेरिकेत अल्बर्ट किंग्जबरीनेही स्वतंत्रपणे हेच शोधलं. पहिल्या महायुद्धानंतर मोठ्या जहाजाला याशिवाय पर्याय उरला नाही.

आणि मिचेलच्या देखरेखीखाली बनलेलं असं पहिलं बेअरिंग १९०७ मध्ये बसलं कुठे? जहाजावर नाही. मरे नदीकाठच्या कोहुना गावी, पाणी उपसणाऱ्या पंपावर.

दुसरं उदाहरण. लिग्नम व्हायटीच्या लाकडाची जागा आज लहान बोटींवर रबरी बेअरिंगने घेतली आहे. पितळी नळीच्या आत खाचा असलेलं रबर, खाचांमधून पाणी. त्याची गोष्ट अशी सांगतात, की १९२० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या एका खाणीत चार्ल्स शेरवूड नावाचा इंजिनियर खोल पंपाच्या बेअरिंगांनी वैतागला होता. पाण्यात वाळू यायची आणि बेअरिंग खाऊन टाकायची. हाताशी दुसरं काही नव्हतं म्हणून त्याने रबरी होसपाइपचा तुकडा घातला. तो टिकला. वाळूचा कण आला, की रबर दबतं आणि कण खाचेतून पाण्यासोबत निघून जातो.

आता ओळीने बघा. पंखा दिला गुरं पाळणाऱ्या शेतकऱ्याने. थ्रस्ट बेअरिंग आधी बसलं उपसा करणाऱ्या पंपावर. रबरी बेअरिंग आलं खाणीतल्या पंपातून. आणि आपले अर्देशीर? गॅसचे दिवे, शिवणयंत्र यांच्याबरोबर वाफेच्या पंपाने शेतीला पाणी देणं मुंबईत पहिल्यांदा दाखवलं, असं श्रेयही त्यांनाच दिलं जातं. आगबोटीचा इंजिनियर आणि विहिरीचा इंजिनियर हे दोन वेगळे प्राणी कधी नव्हतेच. एकाला पाणी बाहेर ठेवायचं होतं, दुसऱ्याला वर आणायचं होतं. दांडा, डोरी आणि कपलिंग दोघांचं एकच.

माझ्या धंद्यातही कपलिंग हा शब्द आहे. १९७४ मध्ये स्टीव्हन्स, मायर्स आणि कॉन्स्टंटाइन यांच्या लेखातून तो सॉफ्टवेअरवाल्यांत रुजला. आम्हाला शिकवतात, की प्रोग्रॅमच्या दोन भागांमधलं कपलिंग शक्य तितकं सैल ठेवा. एक बिघडला तरी दुसरा चालला पाहिजे. बोटीवर उलट आहे. तिथे सैल कपलिंग म्हणजे तळाला भोक. पण काकांनी आणि नानांनी शिकवलेलं एक दोन्हीकडे लागू आहे: जोड कसा आहे हे जागेवर, भार पडल्यावर, पुन्हा मोजल्याशिवाय कळत नाही. हे मोजणाऱ्याला आपण 'मेस्त्री' म्हणतो आणि आराखडा काढणाऱ्याला 'इंजिनियर'. १८४१ मधल्या त्या शंभर आणि दोनशेच्या यादीपासून ही फाळणी फारशी हललेली नाही. महिन्याअखेरीला खात्यात येणाऱ्या आकड्यातही ती दिसते. नानांच्या पूर्ण वर्षाची कमाई माझ्या पहिल्या नोकरीच्या दोन पगारांएवढी होती.

आता पाथर्डीत विहिरीवरची इंजिनं कमी झाली. बोअर खोल गेल्या आणि नानांच्या ग्लँड डोरीची जागा सबमर्सिबल पंपाने घेतली. हा पंप कित्येक फूट खाली, अंधारात, पाण्यात बुडून उभा असतो. मोटर खाली, पंप वर, मधे एक छोटं कपलिंग. दांडा पाणी वर ढकलतो, त्यामुळे सगळा जोर खाली येतो आणि तो झेलायला मोटरच्या बुडाशी कलत्या तुकड्यांचं थ्रस्ट बेअरिंग असतं, मिचेलच्या जातीचं. दांड्याला टेकू द्यायला बुश असतात, पाण्यानेच वंगण होणारे. मनगटाएवढ्या जाडीच्या नळीत बसवलेली ही एक आख्खी आगबोट आहे. तिची खलाशी म्हणजे घरातली कुणीतरी बाई, जी लाईट आली, की मध्यरात्री उठून स्टार्टर दाबते.

बोट पाणी आत आल्याने बुडते. आमची ही आगबोट पाणी निघून गेल्याने मरते. एप्रिल-मेमध्ये बोअरचं पाणी खाली जातं, पंप कोरडा फिरतो, बुश तापतात, मोटर जळते. मग तिपाई उभी राहते, पाइप एकेक करून वर काढले जातात आणि शेवटी पंप बाहेर येतो. रिवाइंडिंगवाला बुश हातात घेऊन बघतो आणि सांगतो, पंपाचा दोष नाही, खाली पाणीच नव्हतं. त्याचं बिल तीन-चार दिवसांत येतं. ते भरलं, की पंप पुन्हा खाली सोडतात, या वेळी आणखी दोन पाइप जोडून.